दुसऱ्या वड्यानंतर

विद्याधर परबला कित्येक वर्षांत खाण्याची चव लागलेली नाही, हे सांगितलं तर मुलुंडमध्ये कोणी विश्वास ठेवणार नाही. पहिला घास झकास, दुसरा बरा; त्यापुढे तोंडात नुसता तेलकट लगदा. तरी हात थांबायचा नाही. कामावरून सुटला की पाय आपसूक भजीच्या गाडीकडे वळायचे. कढईच्या वासानेच तोंडाला पाणी सुटायचं, आणि अर्धी भजी संपेपर्यंत स्वतःचीच शिसारी यायची. उरलेली तो चालता चालता संपवायचा. वर कागदाला चिकटलेला चुरा बोट ओलं करून चाटायचा. शी!

हे सगळं त्याचं त्याच्यापाशी राहिलं असतं. पण घाटकोपरला दिलेल्या धाकट्या बहिणीच्या, राधाच्या, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. विद्याधरची किडनी जुळली, पण डॉक्टर म्हणाले, आधी तुमचं वजन उतरवा, मग ऑपरेशन. विद्याधरने राधाच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, "एवढी गटारी होऊ दे. मग बंद. एकदम बंद."

श्रावण लागायच्या आधी कोंबडी-मटणावर ताव मारून घ्यायचा, एवढीच खरं तर गटारी. या माणसाने दर रविवारची गटारी केली. श्रावण आला नि गेला, वर्ष गेलं. वजन उतरायचं सोडून चढलं.

भाऊ गटारीला जेवायला येतो म्हणून राधाने याही वर्षी कोंबडी-वडे केले. पाय सुजलेले, म्हणून स्टुलावर बसून तळले. तिच्या स्वतःच्या ताटात बिनमिठाचा भात होता. विद्याधर वड्यांवर तुटून पडला. दुसऱ्या वड्यानंतर चव मेली. रस्सा हनुवटीवरून ओघळत होता, मागचं खाल्लेलं घशाशी येत होतं, आणि तो बकाबका गिळत होता. स्वतःच्या मचमच आवाजाने त्याला मळमळायला लागलं.

"दादा, चव तरी लागता काय रे तुका?" राधाने विचारलं.

तोंड भरलेलं होतं. त्याने नुसतीच नकारार्थी मान हलवली.

राधाने वड्यांची परात त्याच्यापुढे सरकवली. "जेव तू. मी आता तुझ्याकडे काय एक मागूचंय नाय."

विद्याधरचे डोळे भरून आले. ताट लोटून उठायला हवं होतं, निदान काहीतरी बोलायला हवं होतं. त्याने पाण्याच्या घोटाबरोबर घास खाली ढकलला, आणि हात परातीत घातला.