मोर, शून्य

जंगलातली जनावरं मोजायची वेबसाइट नवी करायला घेतली, तेव्हा वाटलं होतं, दोन-चार बैठकांत उरकेल. वेबसाइट राहिली बाजूला, किस्सेच वाढले! आता हिंगणीत आम्ही चहाला बसलो की एकाने सुरू करायचं आणि दुसऱ्याने मधूनच हिसकावून घ्यायचं. मी सातवीत शाळा सोडली, लिहायची सवय नाही. पण यात माझ्या मोठ्या भावाचे, संजूदादाचे किस्से आहेत, आणि ते दुसऱ्या कोणी सांगितलेले मला चालत नाहीत.

दादा गेल्या थंडीत तापाने गेला.

*

जुन्या वेबसाइटवर आम्ही गावातले लोक मोबाइलवरून नोंदी भरायचो. कोणतं जनावर, कुठे, किती. बबनकाकांची वांगी-टोमॅटोची वाडी जंगलाला लागून. त्यांनी एकदा रोही, म्हणजे नीलगायी भरल्या, नऊशे नव्व्याण्णव!

वेबसाइटवाल्या प्राची मॅडमचा नागपूरहून फोन आला. "काका, एवढे रोही?"

"मी 'लय' लिहिलं, तं तुमचा फॉर्म घेतच नाई. आकडाच मांगते. मंग मावला तेवढा टाकला. चौकट तुमीच लहान ठेवली नं, बाई!"

*

माझं काम त्याहून भारी. मला अस्वल दिसलं. एकच. नेटवर्क रेंगाळत होतं, मी रागाने बटण दाबत सुटलो. संध्याकाळी नकाशावर आमच्या शिवारात अकरा अस्वलं! दोन दिवस तिकडे कोणी फिरकलं नाही.

दादा म्हणाला, "बंट्या, अस्वल कवाचंच पळालं असन, तुहं बोट काही थांबलं नाई!"

*

दादा स्वतः दर रविवारी सकाळी आमच्या वावरामागच्या नाल्यावर तासभर बसायचा. बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. तरी नोंद भरायचा. जनावर निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचा नाही, म्हणून लिहायचा: मोर, शून्य.

बबनकाका चिडवायचे, "काऊन रे संजू, तुहा मोर कधी येते?"

"येईन तवा येईन. मी तं जाऊन बसलो होतो नं!"

मला लाज वाटायची. निघताना तो दर वेळी हाक मारायचा, "चाल नं, बंट्या." मी गोधडीतूनच म्हणायचो, "पुढच्या रविवारी."

*

नव्या वेबसाइटच्या पहिल्या बैठकीत मॅडमनी पडद्यावर दादाच्याच नोंदी लावल्या. "या सगळ्यात कामाच्या. एखादं जनावर कधीपासून दिसेनासं झालं, ते यांच्यातूनच कळतं." म्हणून नव्या फॉर्ममध्ये एक बटण आलं. 'गेलो, पाहिलं, दिसलं नाही.'

"संजू असता तं आज पार्टी मांगतली असती," बबनकाका पुटपुटले.

मग मॅडम म्हणाल्या, ज्या जागांच्या नोंदी बंद पडल्या आहेत, त्यांचे ठिपके नव्या नकाशावर येणार नाहीत. दादाचा नाल्यावरचा ठिपका त्यातलाच.

मी उठलोच. "ठिपका काढला तं हा कॉम्प्युटर धरणात फेकीन!"

"फेकजो," काका म्हणाले, "पण पहिले खाली बस. मॅडम, ठिपका राहाचा असन तं काय करा लागन?"

"दर रविवारी कोणीतरी तिथे बसून नोंद करायला हवी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दहा मिनिटं एका जागी न बसणाऱ्या माझ्याकडे!

*

रविवारी कोणी हाक मारली नाही, तरी उठलो. नाल्यावर दादाचा सपाट दगड होता. त्यावर तासभर बसलो. एकदा मागे पाचोळा वाजला. मी झटकन मान वळवली. कोणी नव्हतं. तिथेच फॉर्म भरला आणि घरी आलो.

पुढच्या बैठकीत मॅडम नव्या नोंदी एकेक करून पडद्यावर दाखवत होत्या. नाल्याची नोंद आली. 'काय शोधत होता?' या चौकटीत लिहिलेलं होतं, संजूदादा. खाली बटण दाबलेलं. गेलो, पाहिलं, दिसलं नाही.

मॅडमनी हळूच विचारलं, "ही नोंद काढू का?"

बबनकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. "काऊन काढता? पोट्टा गेला, तासभर बसला, पाह्यलं, नाई दिसला. नोंद बरोबर हाये."

मॅडमनी 'मंजूर' दाबलं. नाल्यावरचा ठिपका हिरवा झाला.