बेबीनंदाची बराबरी

माणसं जिंकलेल्या निवडणुकीच्या गोष्टी सांगतात आणि हरलेल्या निवडणुकीचं नाव काढत नाहीत. बेबीनंदाची निवडणूक या दोन्हींत बसत नव्हती, म्हणून गिरणीवर येईल त्याला ती ऐकवायची. ज्यानं दहादा ऐकली त्याचीही सुटका नसे, कारण दळण तिच्या ताब्यात असे.

आष्टीजवळच्या एका गावात, बौद्धवाड्याच्या तोंडाशी तिची पिठाची गिरणी आहे. सतराव्या वर्षी ती लग्न होऊन इथं आली. कितीतरी वर्षं तिनं लोकांच्या रानात कापूस वेचला आणि मग बचत गटातल्या बायकांच्या भरवशावर गिरणी टाकली. सुरुवातीला फक्त वाड्यातलंच दळण यायचं. गावातल्या लोकांना आष्टीपर्यंत डबे वाहणं चालायचं, पण इथं यायला नको वाटायचं. तोंडावर कुणी तसं म्हणत नसे, रस्ता बदलून जायचे एवढंच. बेबीनंदा भांडत बसली नाही. तिनं ज्वारी अशी दळून द्यायला सुरुवात केली की थापताना भाकरीला चीर पडू नये. पोट माणसाला बरोबर वळण लावतं. हळूहळू डबे येऊ लागले, आधी पोरांच्या हाती, मग बायकांच्या डोक्यावर.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. वार्डातली बाईची जागा सगळ्या जातींच्या बायकांसाठी खुली होती. समोर उभी होती उषाबाई, साठ एकरांच्या धनी कारभारींची बायको. तिला उभं राहायचंय का, असं कुणी विचारलं नव्हतं. फॉर्म नवऱ्यानं भरला, सही तिनं केली, आणि पोस्टरवर तिच्यापेक्षा त्याचाच फोटो मोठा होता. गाव बेबीनंदाला म्हणालं, तुमची राखीव जागा शेजारच्या वार्डात आहे, ती सोडून हे काय डोक्यात घेतलंस? तिचा नवरा तातेरावसुद्धा म्हणाला, "डिपॉझिट वाचलं तरी लई झालं." तरी ती उभी राहिली.

तालुक्याला, परतूरला मतमोजणी झाली. दोघींना दोनशे अकरा मतं. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग नियमाप्रमाणे दोघींच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून एका लहान मुलीला त्यातली एक काढायला लावली. उषाबाईचं नाव निघालं. कारभारींनी गुलाल उधळला आणि तातेराव डोकं धरून बसला.

बेबीनंदा मात्र फळ्यावरच्या त्या दोन आकड्यांकडे बघत उभी होती. तिच्या सासूला या गावात विहिरीला हात लावता येत नव्हता, दुसऱ्यानं वरून ओतलं तर पाणी मिळायचं. त्याच गावानं आज एका पारड्यात साठ एकर घातले, दुसऱ्यात एक गिरणी, आणि दोन्ही पारडी सारखी राहिली. चिठ्ठी काय, त्या पोरीच्या बोटांची गोष्ट. दोनशे अकरा माणसं मात्र खरी होती. त्यांनी एकेकट्यानं आत जाऊन तिच्या नावापुढचं बटन दाबलं, हे सांगायला ती आजही चालू गिरणी बंद करते.

आठ दिवसांनी उषाबाई स्वतः डोक्यावर डबा घेऊन गिरणीवर आली. गाव बघत राहिलं. बेबीनंदाला वाटलं, ही त्या बराबरीचीच किमया आहे. तेव्हापासून दोघींचं अगं-तुगं सुरू झालं.

आता पुढची निवडणूक वर्षा-दीड वर्षावर आली होती. बचत गटाच्या बायका मागे लागल्या होत्या, तातेरावही म्हणत होता, पण बेबीनंदा ऐकायला तयार नव्हती. एकदा ती त्याला म्हणाली, "उभी राह्यले अन् शंभर मतांनी पडले, तर लोक म्हणतील, मागची बराबरी बी चुकूनच झाल्ती. ज्याच्यावर मी जगून राह्यले, तेच हातचं जाईल." साठ एकरांना न भ्यालेली बाई आता हरायला मात्र घाबरत होती.

दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी लाईट गेली आणि गिरणी बंद पडली. उषाबाई अर्ध्या दळणासाठी खोळंबून पोत्यावर बसली होती. तेवढ्यात प्रीतीचा फोन आला. प्रीती ही बेबीनंदाची मुलगी. ती नवऱ्याबरोबर अमेरिकेत ओमाहा नावाच्या शहरात राहते आणि ऑफिसला जाण्याआधी आईला फोन करते. बेबीनंदानं फोन मोठ्या आवाजावर करून दोघींच्या मधे ठेवला.

"आई, इथं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे ना, तुझ्यासारखं होऊ शकतं म्हणून राह्यलेत," प्रीती म्हणाली.

"माझ्यासारखं म्हंजी?"

"बराबरी. इथं शेवटी पाचशे अडतीस मतं मोजतात. सगळी राज्यं मिळून तेवढी माणसं निवडतात, अन् ती माणसं राष्ट्राध्यक्ष निवडतात. दोघांना दोनशे एकोणसत्तर-दोनशे एकोणसत्तर पडू शकतात. आमच्या ओमाहाचं एक मत वेगळं मोजतात. त्या एकावर बी अडू शकतं."

बेबीनंदानं तोंडावर हात ठेवला. एवढा मोठा देश, विमानं, बाँब, सगळ्या जगाला दम देणारा, आणि तोही तिच्या वार्डासारखा मधोमध उभा राहू शकतो! तिला हसूही येईना आणि रडूही येईना.

"मंग चिठ्ठी काढतील?" तिनं विचारलं.

"चिठ्ठी न्हाई. मंग त्यांच्या संसदेत प्रत्येक राज्याला एकच मत. मोठं असो का लहान."

"म्हंजी मुंबईला बी एक अन् आपल्या आष्टीला बी एक?"

"तसंच समज."

"बाई बाई," बेबीनंदा हळूच म्हणाली. मग तिला शंका आली. "अन् ती पाचशे अडतीस माणसं आपापल्या पार्टीचीच असतात ना? एखादा ऐनवेळी फिरला तर?"

"काही राज्यांत फिरता येत न्हाई. पण पूर्वी फिरलेत काही जण. आपल्याच माणसाला मत दिलं न्हाई त्यांनी."

"बेइमान मेले," बेबीनंदा म्हणाली. "ज्याच्या नावावर निवडून आले त्यालाच दगा."

"फिरणारा दर वेळी बेइमान नसतो, बेबी," उषाबाई म्हणाली.

तिचा आवाज असा निघाला की बेबीनंदानं वळून पाहिलं. उषाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मी माझं मत तुला टाकलं होतं," ती म्हणाली.

"त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला मी एकटीच उभी होते. कारभारी बाहेर, सासरा बाहेर. जल्मात पहिल्यांदा कुणी कानाशी काही सांगत नव्हतं. मंग मी स्वतःलाच विचारलं, वार्डाच्या कामाची बाई कोण हाय? अन् तुझ्या नावापुढचं बटन दाबलं. चिठ्ठी माझी निघाली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगायलाच आल्ते गिरणीवर, पण तोंड उघडलं न्हाई."

बेबीनंदानं मनात हिशेब केला. उषाबाईनं स्वतःला मत दिलं असतं तर तिला दोनशे बारा आणि आपल्याला दोनशे दहा. एवढी वर्षं जपलेली बराबरी अशी डोळ्यांदेखत सुटली.

"म्हंजी मी पडलेच होते," ती म्हणाली.

"तू कशाची पडतीस? पडले मी. मला तर माझं बी मत न्हाई पडलं."

बेबीनंदा तिच्याकडे बघत राहिली. बाहेर ढोल-ताशा, नवऱ्याचा गुलाल तयार, पोस्टरवर स्वतःचं नाव, आणि आत ही बाई दुसरीच्या नावावर बोट ठेवते. दोनशे अकरा माणसांचं तिला नवल वाटत आलं होतं. आता त्यातलीच एक समोर बसली होती. आपण एकटीनं कधी एवढं काही केलं का, हे तिला आठवेना. तिनं उषाबाईचा हात धरला.

"आई, आहेस का?" प्रीतीनं विचारलं.

"हाय. तू फोन ठेव अन् तुझ्या बापाला लाव. त्याला सांग, पुढच्या निवडणुकीला मी फॉर्म भरणार हाय."

फोन बंद झाला. बेबीनंदा उषाबाईला म्हणाली, "अन् पडले तर?"

"पड. पण माझं एक मत पक्कं धर," उषाबाई म्हणाली. "अन् यावेळी ते कुणाला टाकायला चालले, हे मी घरात सांगून निघणार हाय."