नुसता रंग

रहाटणीतल्या मिरची कांडपाच्या गिरणीत सगळे नाकाला रुमाल लावून शिंकत होते. माझ्यापुढे कंपनीच्या शर्टातले एक काका उभे होते, बोलणं लातूरकडचं. त्यांच्या पिशवीत नुसती ब्याडगी. मॉलमध्ये पॅप्रिका म्हणून मिळते, तशीच ही, रंगाला भडक आणि तिखटाला जेमतेम. नको तिथे चौकशी करायची माझी खोड.

"काका, लवंगी नाही घेतली?"

"पोटाचं ऑपरेशन झालंय. तिखट बंद."

"मग मिरचीच कशाला?"

तेवढ्यात त्यांची मिरची कांडून झाली. त्यांनी गरम पूड तळहातावर घेऊन उजेडात धरली.

"डब्यात भाजी पिवळी दिसली की शिफ्टमधली पोरं तब्येत विचारतेत. लाल दिसली की म्हणतेत, 'काका, नुसता जाळ!' मग मीपण घास घेऊन स्सऽऽ करतो."

"आणि कुणी चाखलं तर?"

"चाखलंय की सगळ्यांनी," काका हसले. "आता तेबी स्सऽऽ करतेत."