सेरवाचं वजन

कुमासीत म्हणतात, सुआमे मॅगझिनात, गॅरेजांच्या त्या वस्तीत, गेलेली गाडी जशीच्या तशी परत येत नाही. याव डोन्कोर मिस्त्रीच्या शेडमध्ये गेलेली गाडी तर मुळीच परत येत नसे. तिची कॅमेऱ्याची सोंड होई.

मिनीबसच्या टपाचे पाइप, ट्रकच्या चाकाचा हब, वायपरची मोटर आणि सायकलच्या ब्रेकची तार, एवढ्यावर त्यानं ही सोंड उभी केली होती. पुढच्या टोकाला कॅमेरा, मध्ये हबवर तोललेला लांब दांडा आणि मागच्या टोकाला वजन. मागून कुणी हलकेच दाबलं की कॅमेरा माणसांच्या डोक्यांवरून पाखरासारखा वर जाई. परदेशी सोंड घ्यायची तर व्हिडिओवाल्या फोसूला घर विकावं लागलं असतं, आणि ते तर त्याच्या मामाचं होतं.

पहिल्या चाचणीला मागचं वजन कमी पडलं. तेवढ्यात यावची बायको सेरवा केंकेची पाटी घेऊन आली. आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे आणि तळलेले मासे ती शेडोशेडी विकायची. यावनं तिला मागच्या टोकाला जोडलेल्या मिनीबसच्या जुन्या घडीच्या सीटवर बसवलं. दांडा आडवा झाला आणि तसाच राहिला, एक बोटभरही इकडे-तिकडे नाही.

"आजवर म्हणायचात, नुसती बसून असतेस," सेरवा म्हणाली. "आता बघा मिस्त्री, माझं बसणंच कामाला आलं."

तेव्हापासून लग्न असो, मयत असो की फोसूचा सिनेमा असो, सोंडेच्या मागे सेरवा ठरलेली. लोक सोंडेलाच सेरवा म्हणायला लागले. आमच्याकडे ट्रकच्या पाठीवर एखादं वाक्य रंगवल्याशिवाय तो रस्त्यावर येत नाही, मग सोंड तरी कशी येणार? यावनं दांड्यावर हिरव्या रंगात लिहून घेतलं, 'लोखंड खोटं बोलत नाही'.

तीन वर्षांनी कॅमेऱ्याचं टोक खाली झुकायला लागलं.

यावनं हबला ग्रीस भरलं, बेअरिंग बदललं. जड बॅटरी लावतोस म्हणून फोसूला चार शब्द सुनावले. खरं कारण सोडून सगळं तपासून झालं. मग मुकाट्यानं सीटखाली एक क्लचप्लेट अडकवली. महिन्यानं दुसरी.

आमच्याकडे भेटल्यावर "जाड झालीस गं" म्हणणं ही रीतच आहे, त्यात कौतुक असतं. सेरवाचं पोलकं खांद्यावरून घसरत होतं आणि अख्खं मॅगझिन तिला जाड झालीस म्हणत होतं. तीही हसून हो म्हणायची. लोखंडाला मात्र रीतभात नव्हती. चौथी प्लेट लागली तेव्हा याव तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला आत एकटीलाच बोलावलं. बाहेर येऊन ती म्हणाली, गोळ्या दिल्यात.

त्या संध्याकाळी यावनं जाहीर केलं की पाचवी प्लेट लागली की सोंड विकायची आणि तिला राजधानीत, अक्राच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. गिऱ्हाईकही त्यानं बघून ठेवलं होतं.

"सोंड विकल्यावर मी बसू कुठं?" सेरवानं विचारलं.

"घरी. माणसासारखी."

ती मासे पालथे करत राहिली.

पुढच्या मयतीत नवल घडलं. सेरवा सीटवर बसली आणि मागचंच टोक खाली गेलं. यावला चौथी प्लेट काढावी लागली, आणि त्यापुढच्या आठवड्यात तिसरी. परक्याच्या मयतीत, लोक धाय मोकलून रडत असताना, हा गडी नाचायचाच काय तो बाकी होता. गोळ्या लागू पडल्या म्हणून त्यानं साऱ्या मॅगझिनला सांगितलं आणि गिऱ्हाईकाला हात हलवत परत पाठवलं. त्याच सुमारास डब्यातले चाकांचे नट कमी व्हायला लागले होते. शेजारचा फिटर हात मारतो अशी यावची खात्री होती. म्हणून त्यानं एकूण एक नटाला हिरव्या रंगाचा ठिपका दिला आणि शेजाऱ्याशी बोलणं टाकलं.

दीड महिन्यानं सेरवा अंथरुणाला लागली ती उठलीच नाही. आता विकायला सोंड होती, पण अक्रापर्यंत नेण्याजोगी सेरवा उरली नव्हती.

ती गेली त्या दिवशी तिची बहीण अफिया एक गाठोडं घेऊन शेडमध्ये आली. सेरवा लुगड्यावरून कमरेला दुसरं कापड गुंडाळायची, तेच होतं ते. अफियानं गाठ सोडली तसे नट बाकावर घरंगळले. बहुतेकांवर हिरवा ठिपका.

"तिच्या पेटीत तळाशी होतं," अफिया म्हणाली. "डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, अक्राला नेऊन उपयोग नाही. ती मला म्हणाली, मी तर जाणारच, सोंडही गेली तर हा माणूस खाणार काय? सोंडेवर बसायच्या दिवशी हे बांधून जायची."

यावनं एक नट उचलला, ठिपका अंगठ्यानं पुसून पाहिला. रंग पक्का होता.

"मला एका शब्दानंही सांगितलं नाही तिनं."

"सांगून ऐकलं असतंत, दाजी? तुमचा विश्वास लोखंडावर. म्हणून तिनं लोखंडाकडूनच वदवलं."

आमच्याकडे बाईची मयत तिच्या आईकडच्या माणसांची. नवऱ्याचा मान शवपेटी आणण्यापुरता. सेरवाच्या बादूमामांनी हुकूम सोडला की सगळं वरून टिपायचं, जर्मनीतल्या भाचीला पाठवायचंय. फोसूनं सोंड आणून उभी केली आणि रिकाम्या सीटकडे बघत उभा राहिला. एका थोराड आत्याबाईला बसवा, असं कुणीतरी सुचवलं. आत्याबाई लाजून का होईना, निघाल्याही होत्या.

"तिथं कुणी बसणार नाही," याव म्हणाला.

मग फोसू एकेक क्लचप्लेट अडकवत गेला. तीस झाल्या तेव्हा दांडा आडवा झाला. तीस प्लेटा म्हणजे पहिल्या दिवशी पाटी बाजूला ठेवून बसलेली सेरवा.

पेटी उचलायची वेळ आली तसा याव पुढे झाला आणि खांदा दिला. सकाळी सुताराकडून हीच पेटी त्यानं रिकामी उचलून आणली होती. मिस्त्रीचा खांदा म्हणजे वजनकाटाच. सगळ्या खांद्यांवरचा भार धरून त्यानं रिकाम्या पेटीचं वजन मनातल्या मनात वजा केलं. बाकी उरल्या त्या पंधरा प्लेटाही नव्हत्या. त्याचं पाऊल थांबलं. मागच्या खांदेकऱ्याला वाटलं, मिस्त्रीला भार झेपत नाहीये.

"दम लागला का?" त्यानं विचारलं.

याव नाही म्हणाला आणि चालायला लागला. वरून कॅमेरा त्यांच्यामागे सरकत गेला, जराही हिसका न देता.

पुरून परतल्यावर माणसं खुर्च्यांच्या रांगांतून हात मिळवत फिरत होती. यावनं मयतीच्या काळ्या कापडाच्या टोकात ते सगळे नट बांधून कमरेला खोचले होते. कापड खाली ओढलं जात होतं आणि तो एका हातानं सावरत होता. बादूमामांना डोळ्यांनी कमी दिसायचं. त्यांनी त्याचा हात धरला, रिवाजाप्रमाणे त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "याव, जाड झालास रे."

"हो मामा," याव म्हणाला.