मामांचा पारदर्शक लेप

जगातल्या प्रत्येक वस्तूचं खरं मोल तिच्या वरच्या थरात असतं, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. प्रकाशात घट्ट होणारे लेप बनवण्यात त्यांची हयात गेली. पातळसर लेप लावायचा, वर जांभळट दिवा धरायचा, की पापणी लवते न लवते तोच थर काचेसारखा कडक. निवृत्त होताना मामांनी कारखाना सोडला, लेप नाही. गौलीगुड्यातल्या त्यांच्या घरी लग्नपत्रिका आली की लग्न कुणाचं ते मामी वाचतात. मामा अक्षरांवरच्या चकाकीवर नखाने ओरखडा काढून बघतात. कोठी भागातल्या पत्रिकांच्या दुकानात तर लेप किती घट्ट बसलाय ते बघायला ते ब्लेडने बारीक चौकटी कापतात, वर चिकटपट्टी दाबतात आणि खसकन ओढतात. दुकानदार एकदा कळवळून म्हणाला, "मामूसाब, शादी का कार्ड है, कायकू काट रैं?" मामांनी पट्टीला चिकटून आलेला गणपती त्याच्यापुढे धरला. "देखो, गणपती निकल गए," ते शांतपणे म्हणाले.

मी पुण्याहून इथे नोकरीला आलो, तेव्हा पहिल्याच जेवणाला त्यांनी माझी शिकवणी घेतली. "सगळा खेळ वरून घालायच्या चिमटीचा आहे, जावईबापू. सिलिकाची पूड घातली की लेपावर ओरखडा पडत नाही. हौसेनं जास्ती घातली की वाकवताच तडकतो. लवचिक व्हावा म्हणून दुसरं काही घालावं, तर नखाला मऊ लागतो." माझी आमटी गार झाली. मामींनी ती पुन्हा गरम करून आणली.

अशा माणसाच्या स्वतःच्या दारावरची पाटी मात्र बिनलेपाची, उघडी होती. मामींनी लग्नानंतर हौसेने रंगवलेली, आडनावाभोवती जाईची वेल. दार पूर्वेचं, त्यामुळे वेल उन्हाने विटत चालली होती. कंपवाताने मामींचे हात आता थरथरतात. दुसरी पाटी काही त्यांच्या हातून होणार नव्हती. वाचवायची तर हीच. आणि नेमकी इथेच मामांची विद्या अडली. ऊन अडवणारं द्रव्य लेपात घालावं, तर ते दिव्याचा प्रकाशही अडवायचं आणि लेप वाळायचाच नाही. त्यांनी नमुन्याची एक फळी दारात टांगली होती. तिच्यावर गल्लीतली निम्मी धूळ आणि दूधवाल्याचा अंगठा कायमचा बसला.

गेल्या उन्हाळ्यात एकदाचं प्रमाण जमलं. मामांनी आम्हाला बोलावलं, पाटी टेबलावर ठेवली, ब्रश बुडवला आणि नुसते बसून राहिले.

"एकदा घट्ट झाला की काढता येत नाही हो," ते मला म्हणाले. "पिवळा पडला तर?"

जन्मभर दुसऱ्यांच्या लेपांना नावं ठेवणारा हा माणूस घाबरलेला मी प्रथमच पाहिला, आणि मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

"द्या इकडे," मामी म्हणाल्या. त्यांनी ब्रश घेतला आणि थरथरत्या हाताने वेलीवरून फिरवला. ओल्या थरात बारीक बारीक लहरी उठल्या. मिनिटभर धीर धरला की असा लेप आपोआप सपाट होतो, कारखान्यात तेवढं थांबतातच.

"मामा, जरा थांबा," मी म्हणालो. "थर सपाट होऊ द्या."

"नक्को," मामा मामींच्या हाताच्या त्या लहरींकडे बघत म्हणाले, आणि त्या मोडायच्या आत त्यांनी दिवा लावला.