चिंचेनं घासलेलं घंगाळ

“काहीच दिसत नाही रे,” डॉक्टरसाहेब मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाले. “निगेटिव्ह लिहून टाकतो.”

बाहेर बाकावर गिरणीतला एक माणूस रिपोर्टसाठी बसला होता. त्याची बायको हॉस्पिटलात. पोट वाढत होतं, दुखत होतं. सर्जनला गाठ वाटत होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. त्याआधी एवढंच कळायला हवं होतं, की आत मूल तर नाही ना.

तेव्हा हे बेडूक सांगायचा. बाईची लघवी नर बेडकाला टोचायची. ती गरोदर असली की काही तासांनी बेडकाच्या लघवीत शुक्रजंतू दिसतात. नसली तर स्लाइड रिकामी.

मी लॅबमध्ये अटेंडंट. सातवीत शाळा सोडून राजापूरकडून आलेलो. मध्यप्रदेश नवा होता, आमच्या लॅबच्या पाटीवरचं ‘मध्यभारत’ नुकतंच खोडलेलं. ओळख ना पाळख, तरी साहेबांनी मला ठेवून घेतलं. छत्रीबागेत एका काकूंकडे भाड्याची खोलीही त्यांनीच मिळवून दिली. म्हणून लॅबमध्ये साधी काचपट्टी फुटली तरी मला वाटायचं, आता आपली रवानगी गावी.

स्लाइड रिकामी म्हटल्यावर मी बेडकाकडे पाहिलं.

“साहेब,” मी म्हटलं, “बेडकाची तब्येत बरोबर नाहीये.”

“म्हणजे?”

“आला तेव्हा कसा टणाटण उड्या मारत होता. आता झुरळ नाकाशी धरलं तरी जीभ काढत नाही. पोटाखाली लाल झालाय. कातडी सुटतेय.”

“थंडीनं मरगळला असेल,” म्हणत साहेब उठले. त्यांनी बेडूक उलटा केला, पोट पाहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला फोन लावला. मध्येच फोनवर हात ठेवून मला विचारलं, “ठेवलायस कशात?”

“घंगाळात, साहेब. तांब्याच्या. काकूंनी दिलंय. रोज चिंच लावून घासतो.”

खरं सांगायचं तर हे मी जरा ऐटीतच सांगितलं. ‘बिचारा मुका जीव, पाणी तरी शुद्ध मिळू दे’ म्हणत काकूंनी अंघोळीचं घंगाळ काढून दिलं होतं. तांब्यातलं पाणी चांगलं, हे आमच्या घरी कुणाला शिकवावं लागत नाही. साहेबांनीसुद्धा परवा ते चकाकताना पाहून “वा!” म्हटलं होतं.

साहेबांनी ते फोनवर सांगितलं. पलीकडचं हसणं मला टेबलापाशी ऐकू आलं. साहेब मात्र हसले नाहीत.

फोन ठेवून म्हणाले, “बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, सदू. कातडीनं पितो. तांबं पाण्यात उतरतं, ते सगळं त्याच्या अंगात गेलं. आणि चिंचेनं तू रोज ताजं तांबं उघडं करत होतास.” मग म्हणाले, “मीही पाहिलं होतं म्हणा.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

रिपोर्ट अडला. बाहेर जाऊन साहेबांनी त्या माणसाला सगळं समजावलं. तो आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला.

“साब, मेंढक बीमार है तो मेरी घरवाली क्या करे?”

साहेबांनी सर्जनला थांबायचा निरोप धाडला. मी धावलो फत्तूभियाकडे. तो कॉलेजांना बेडूक पुरवायचा. थंडीत बेडूक जमिनीत दडतात, शोधून उकरावे लागतात.

“अरे भिया, इत्ता हट्टा-कट्टा दिया था,” फत्तूभिया म्हणाला, “नहला-नहला के मार डाला क्या?” पण उठला बिचारा. खान नदीच्या काठानं ढेकळं उकरत फिरला. मी मागं पोतं धरून. देवाचं नाव घेत होतो, पण कोणत्या तोंडानं, तेही कळत नव्हतं.

नवा बेडूक मातीच्या कुंडीत ठेवला, विहिरीच्या पाण्यात. बाईची लघवी बाटलीत उरली होती, तीच पुन्हा टोचली. काही तासांनी साहेबांनी स्लाइड लावली आणि मला खांद्याला धरून ओढलं. “बघ!”

काचेवर शुक्रजंतू वळवळत होते. मूल होतं.

नवऱ्याला सांगितलं तर त्यानं साहेबांना सोडून माझेच दोन्ही हात धरले. “भिया, तुम दौड़े, तुमने बचा लिया.” हात सोडवून घ्यावेसे वाटले, सोडवता आले नाहीत. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

पहिला बेडूक दुसऱ्या दिवशी मेला.

घंगाळ परत केलं तेव्हा काकूंनी विचारलं, “मानवलं ना रे तांब्याचं पाणी?” मी मान डोलावली. त्यांनी ते पुन्हा न्हाणीत ठेवलं. रोज सकाळी त्यातलं पाणी अंगावर घेताना मला कातडीखाली चुरचुरल्यासारखं व्हायचं.

पुढे मी टेक्निशियन झालो. हाताखाली नवी पोरं आली. कुणी घासून चकचकीत केलेलं भांडं दाखवायला आणलं, तर मी शाबासकी देत नसे. आधी विचारायचो, “ह्यात ठेवणार काय आहेस?”