लॅटिनमध्ये दळलेली हळद

३ मे १९७१, सोमवार. जावेच्या मुलीची लग्नाची हळद दळायची होती. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून मी शेजारच्या बायका सकाळीच गोळा केल्या.

सासरे कोट घालून ओसरीवर हजर. चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती तोवर पारनेरच्या आसपास लग्न असो, मयत असो, गायला त्यांनाच न्यायचे. अर्थ एका शब्दाचा ठाऊक नाही, पण पाठांतर पक्कं. मिस्सा मराठीत झाली आणि त्यांना कोणी विचारेना. त्यांनी चर्चच सोडलं.

समजूत घालायला फादर घरी आले आणि त्यांनी एका बिशपाची गोष्ट सांगितली. पाच-साडेपाचशे वर्षांपूर्वीचा, फ्रान्सिस्कन संघातला साधू. लोकांच्या बोलीतलं एक भलंमोठं काव्य परदेशी बिशपांना कळेना, म्हणून त्याने ते लॅटिनमध्ये आणलं. देवाला सगळ्याच भाषा चालतात, एवढंच फादरांना सुचवायचं होतं. सासऱ्यांनी ठरवलं, आता जात्यावरच्या ओव्या लॅटिनमध्ये आणायच्या, सुरुवात नातीच्या हळदीपासून.

जात्याच्या लयीत बसेल असं पाठातलं एक गाणं त्यांनी निवडलं. त्यांनी ओळ सांगावी, बायकांनी जातं ओढत ती म्हणावी. चाल झकास बसली. जाऊ खुशीत होती; अशी हळद गावात कुणाची झाली नव्हती.

तेवढ्यात लग्नाची वेळ ठरवायला फादर आले. दारातच थबकले, टोपी काढली, क्रूसाची खूण केली आणि मला हळूच विचारलं, “कोण गेलं?”

ते पेटी कबरीकडे नेतानाचं गाणं होतं.

जावेने जात्याचा खुंटा सोडला. “मामा, माझ्या पोरीला मांडवात न्यायचीय, मातीत न्हाई.”

सासऱ्यांचा चेहरा उतरला. पण ते फादरांकडे वळले. “त्या बिशपाचं काव्य कुठनं सुरू हुतं म्हणला?”

“नरकापासून.”

“आन् संपतं कुठं?”

“स्वर्गात.”

“मग? आमचं अजून संपलंय कुठं?”

फादरांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाले, लग्नात एक लॅटिन गाणं म्हणा, पण आधी मला ऐकवून. जाऊ यालाही तयार नव्हती. मी तिला सांगितलं, नवी हळद मी दळून देते, तू गाण्याला हो म्हण. ती नाइलाजाने हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासऱ्यांना फादरांच्या बंगल्यावर नेलं आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासून घेतलं. परत येऊन नवी हळद दळली, तोंडातून अवाक्षर न काढता. आदली हळद स्वयंपाकघरात डब्यात भरली. कालवणाला चांगला रंग यायचा.